नव्या शस्त्राची परीक्षा

दिल्लीत कनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणाऱ्या एका प्रशस्त रस्त्यास आज कस्तुरबा गांधी मार्ग म्हणतात. पूर्वी त्याचे नाव कर्झन रोड असे होते. लॉर्ड कर्झन हे वाघाच्या शिकारीचे शौकीन. तथापि १९०० साली जुनागडास गेले असता गीरच्या अरण्यात सिंह फार थोडे उरले आहेत असे कळताच त्यांनी सिंहाची शिकार करण्याचे नाकारले व नबाबास त्या प्राण्याचे रक्षण करण्याविषयी सांगितले. पुढे त्याच रस्त्याला जिचे नाव मिळाले त्या साध्वीने २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, इंग्रजांच्या बंदिवासात देह ठेवला. याच मार्गावर भारतीय विद्या भवनाचे दिल्लीतील केंद्र आहे, आणि महाराष्ट्रातून कामकाजासाठी येणाऱ्या माणसांचे नवे महाराष्ट्र सदनही आहे.

या सदनात घडू शकेल असा एक प्रसंग कल्पावा. यवतमाळ जिल्ह्यातील एक वयोवृद्ध शेतकरी कापसाच्या भावासंबंधीच्या काही कामासाठी दिल्लीस आले आहेत. त्यांचा पुतण्या दिल्लीतच नोकरीस आहे. त्यास नेमबाजीचा छंद असून त्याने नुकतीच परवान्याने एक नवी रायफल घेतली आहे. संध्याकाळी तो काकांस भेटावयास येतो, घरची खुशाली विचारतो, आणि निघता निघता सहज बोलून जातो, ‘‘काका, दिवाळीनंतर चार दिवस गावी येईन म्हणतो. रोह्यांचा तुम्हांला त्रास आहेच. परवान्याचे काय ते पाहू. त्या निमित्ताने नवी बंदूकही पाहून होईल.’’

काका लगेच काही उत्तर देत नाहीत.

वरवर पाहता या बोलण्यात दोष काढण्यासारखे काय आहे? रोही, म्हणजे उत्तरेकडे ज्यास नीलगाय म्हणतात तो प्राणी, विदर्भातील शेतकऱ्याच्या तुरीचा आणि हरभऱ्याचा मोठा शत्रू आहे. कळप एकदा शेतात उतरला की खाल्ले त्याहून तुडवले अधिक, अशी स्थिती होते. रानडुक्कर तर जमीनच उकरून टाकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचा छंद देशात बंद केला. परंतु माणसाच्या जीवितास अथवा उभ्या पिकास धोका उत्पन्न झाल्यास अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने काही प्राणी मारण्याची वाट त्याच कायद्याने ठेवलेली आहे. पुतण्या परवान्याची भाषा करतो, म्हणजे कायदा मोडू इच्छीत नाही. काकांचे पीक वाचेल, आणि त्याच वेळी पुतण्याची हौसही भागेल. एका दगडात दोन पक्षी मारण्याचा हा व्यवहार म्हणावा. (दयेविषयी आपण एवढे बोलतो आणि सोयीची म्हण मात्र पक्षी मारण्याचीच वापरतो, ही गंमत जाता जाता लक्षात ठेवण्यासारखी आहे.)

परंतु त्या वाक्यातील दोन लहान अव्ययांकडे नीट पाहावे. ‘त्रास आहेच’ आणि ‘बंदूकही पाहून होईल’. वक्त्याने ‘च’ त्रासाला लावला आणि ‘ही’ बंदुकीला. म्हणजे मुख्य कारण शेताचे, आणि बंदूक ही केवळ अनुषंगाने. त्याच्या अंतःकरणात मात्र ही अव्यये उलट लागलेली आहेत. तेथे वाक्य असे आहे : ‘बंदूक तर पाहायचीच आहे, काकांना त्रासही आहे.’ मनुष्य खोटे न बोलता असत्य कसे बोलतो, याचे याहून सुबक उदाहरण शोधूनही मिळणार नाही. शब्द सारे खरे आहेत. स्थानेच तेवढी बदललेली आहेत.

आता कोणी म्हणेल, हेतू कोणताही असो, गोळी तर तीच, मरणारा प्राणी तोच, आणि वाचणारे पीकही तेच. मग अव्ययांची एवढी चिकित्सा कशासाठी? गीतेचा विद्यार्थी असे म्हणू शकत नाही. अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्माचे जे तीन भेद केले आहेत ते बाहेरच्या क्रियेवरून केलेले नाहीत. परिणाम, हानी, दुसऱ्यास होणारी पीडा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म तामस, असे तेथे म्हटले आहे. आणि नियत म्हणून, आसक्ती व रागद्वेष सोडून केलेले ते सात्त्विक. एकच क्रिया दोन माणसांच्या हातून दोन जातींची होते. म्हणून प्रश्न ‘रोही मारावा की मारू नये’ एवढाच नाही. तो मारण्याची इच्छा कोठून उगम पावली, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे.

त्याची एक सोपी कसोटी आहे. पुतण्या गावी जाण्याच्या आदल्या दिवशी असे कळले की रोह्यांचा तो कळप आपण होऊन दूर निघून गेला, आता शेतास भय नाही. काकांना काय वाटेल? ते देवापुढे साखर ठेवतील. आणि पुतण्यास काय वाटेल? त्याच्या मनात क्षणभर का होईना जी निराशा उमटेल, ती त्याच्या ‘ही’चे आणि ‘च’चे खरे स्थान दाखवून देईल. ज्याला गरज असते तो गरज टळली म्हणजे सुखावतो. ज्याला निमित्त हवे असते तो निमित्त टळले म्हणजे हिरमुसतो.

महाभारताच्या वनपर्वात या विषयाशी अगदी नेमका जुळणारा एक प्रसंग आहे. कथा-कीर्तनांतून तो फारसा ऐकू येत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. अर्जुन पाच वर्षे इंद्रलोकी राहून दिव्य अस्त्रे घेऊन परत आला आहे. निवातकवचांशी झालेल्या युद्धाची हकीकत त्याने भावांना सांगितली आहे. तेव्हा प्रत्यक्ष धर्मराजास इच्छा होते की, ज्या अस्त्रांनी एवढा पराक्रम झाला ती एकदा पाहावीत. दुर्योधनाने अशी इच्छा धरली असती तर नवल नव्हते. व्यासांनी ती युधिष्ठिराच्या मुखी घातली आहे. नवे शस्त्र पाहण्याची उत्सुकता सज्जनालाही सोडीत नाही, एवढे त्यावरून दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुन शुचिर्भूत होऊन, कवच धारण करून, गांडीव हाती घेऊन अस्त्रे दाखविण्यास सिद्ध होतो. अजून एकही अस्त्र सुटलेले नाही, तोच त्याच्या पायांखालची पृथ्वी वृक्षांसह कापू लागते. नद्या खवळतात. वारा वाहीनासा होतो, सूर्य निस्तेज होतो, आणि भूमीच्या पोटात राहणारे जीव बाहेर येऊन, थरथर कापत, हात जोडून उभे राहतात. शत्रू तेथे कोणीच नाही. केवळ ‘दाखवावयाचे’ आहे. परंतु त्या दाखविण्याचा भार ज्यांच्यावर पडणार ते मुके जीव आधीच व्याकूळ झाले आहेत.

मग नारद येतात. ते अर्जुनास जे सांगतात त्याचा भावार्थ असा की, लक्ष्यावाचून ही अस्त्रे कधीही सोडू नयेत. आणि लक्ष्य असले तरीदेखील, स्वतः संकटात सापडल्यावाचून सोडू नयेत. युधिष्ठिरासही ते म्हणतात की, ही अस्त्रे तुला पाहावयास मिळतील, पण युद्धात. अर्जुन अस्त्रे आवरतो आणि सर्व जण आपापल्या ठिकाणी निघून जातात. नारदांच्या या दोन अटींतील दुसरी अट अधिक कठीण आहे. पहिली अट पुतण्या सहज पाळील, कारण रोही हे लक्ष्य त्याच्याजवळ आहे. दुसऱ्या अटीपाशी तो अडखळेल. संकट आहे ते काकांवर, त्याच्यावर नाही. काकांचे संकट उसने घेऊन तो आपल्या अस्त्राला लक्ष्य मिळवून देत आहे.

अर्जुनाला वेळीच थांबविणारा कोणी भेटला. दशरथाला भेटला नाही. वाल्मीकिरामायणात, राम वनात गेल्यानंतरच्या सहाव्या रात्री, तो वृद्ध राजा कौसल्येस आपल्या तरुणपणीचे पाप सांगतो. त्या काळी तो शब्दवेधी म्हणून नावाजला होता; केवळ आवाजावरून बाण मारण्याची विद्या त्यास साधली होती. पावसाळ्याचे दिवस, शरयूचा काठ, रात्रीचा अंधार. पाण्यावर येणारा रानरेडा, हत्ती किंवा दुसरे एखादे श्वापद मारावे म्हणून तो धनुष्य घेऊन बसला होता. अयोध्येच्या युवराजास त्या रात्री मांसाची वाण नव्हती. कोणाचे शेतही तेथे उद्ध्वस्त होत नव्हते. होती ती विद्या, आणि ती विद्या वापरून पाहण्याची हौस. घागर भरल्याचा आवाज झाला. तो हत्तीचा वाटला. बाण सुटला, आणि तो अचूक लागला. त्या कथेतील दारुण गोष्ट हीच की नेम चुकला नाही. आंधळ्या आईबापांसाठी पाणी न्यावयास आलेला तापसकुमार (लोक ज्याला श्रवण म्हणून ओळखतात, पण वाल्मीकींनी ज्याचे नाव दिलेले नाही) त्या अचूक बाणाने पडला. हात सिद्ध होता, शस्त्र सिद्ध होते, पण पाहणे सिद्ध झाले नव्हते.

शस्त्राची परीक्षा घेऊच नये, असा याचा अर्थ कोणी करू नये. उलट, ज्याला शस्त्र वापरावेच लागेल त्याने त्याची परीक्षा अवश्य घेतली पाहिजे. रायफलीच्या नळीच्या आतल्या अंगास आटे असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व दूरवर सरळ जाते. परंतु नव्या रायफलीची माशी आणि दुर्बीण जुळवून घेतल्याखेरीज गोळी नेमक्या ठिकाणी पडत नाही. अशी न जुळविलेली बंदूक जिवंत प्राण्यावर रोखणे म्हणजे तो मरेलच असे नाही, हे मान्य करूनच घोडा ओढणे होय. मग तो जबड्यात किंवा पोटात गोळी घेऊन रानात शिरतो आणि दोन-चार दिवसांनी कोठेतरी तडफडून मरतो. जखमी जनावराच्या मागे जाऊन त्याची वेदना संपवावी, हा जुन्या शिकाऱ्यांचाही दंडक होता. ज्याला चार दिवसांचीच रजा आहे त्याने तो दंडक कसा पाळावा?

द्रोणाचार्यांनी याचा विचार केलेला दिसतो. पक्ष्याच्या डोळ्याची जी परीक्षा घरोघरी मुलांना सांगितली जाते, तिच्यातील एक तपशील सांगणारे बहुधा गाळतात. झाडावर ठेवलेला तो भास पक्षी खरा नव्हता. आचार्यांनी तो कारागिरांकडून करवून घेतलेला कृत्रिम पक्षी होता. कौरव-पांडवांना पुढे खरोखरीच्या रणात उतरावयाचे होते, हे आचार्यांना ठाऊक होते. तरी शिष्यांची परीक्षा त्यांनी निर्जीव लक्ष्यावर घेतली. आजच्या चांदमारीची परंपरा तीच आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत तुघलकाबादेस जे नेमबाजीचे मैदान झाले, तेथे कागदी वर्तुळांवर नेम धरले जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तेही अशाच निर्जीव लक्ष्यावर. नेमबाजीचे कौशल्य सिद्ध करण्यासाठी रक्ताची आवश्यकता असती तर ते पदक कोणास मिळालेच नसते. पुतण्यास आपल्या बंदुकीची परीक्षा घ्यावयाची असेल तर तुघलकाबाद जवळ आहे. यवतमाळ दूर आहे.

येथवर पुतण्याचा विचार झाला. पण शहरातील वाचकाने एवढ्यावर समाधान मानून पान उलटू नये. काकांचा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि तो अधिक अवघड आहे.

ज्याच्या तुरीची डाळ आपण खातो त्याची तूर रात्रभर जागून राखावी लागते. कुंपण, दिवे, फटाके, डबे बडविणे, मचाणावरची जागल हे सारे उपाय करूनही पीक जाते. मग तो शेतकरी परवाना काढून प्राणी मारवितो, तेव्हा कस्तुरबा गांधी मार्गावर राहणाऱ्या शाकाहारी गृहस्थाने त्यास हिंसक म्हणावे काय? मिथिलेच्या धर्मव्याधाने कौशिक ब्राह्मणास हेच विचारले होते. तो मांस विकीत असे, पण प्राणी स्वतः मारीत नसे. त्याने कौशिकाच्या ध्यानात आणून दिले की, नांगर जमिनीतून जातो तेव्हा असंख्य जीव मरतात, आणि चालता-बसतानाही मनुष्य कोणाला तरी चिरडीत असतो. तेव्हा हिंसेपासून सर्वस्वी मुक्त असा या जगात कोण आहे? हे सांगण्यात स्वतःच्या धंद्याचे मंडन करण्याचा त्याचा हेतू नव्हता. आपले हात स्वच्छ आहेत असे समजून दुसऱ्याच्या हातांकडे बोट दाखविणाऱ्या तपस्व्याचा अहंकार त्याला उतरवावयाचा होता.

महात्मा गांधींनाही हा प्रश्न टळला नाही. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासरास त्यांनी डॉक्टरांकडून विषाची सुई देवविली, तेव्हा देशभर गहजब झाला. त्यास उत्तर देताना त्यांनी आश्रमातील फळझाडांची आणि पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांचा विषय आपण होऊन काढला. वासराला मारण्यात त्यांना अहिंसा दिसत होती, कारण त्यात हित वासराचे होते. माकडांना मारण्याची वेळ आलीच तर ती हिंसाच ठरेल असे त्यांनी स्पष्ट सांगितले, कारण तेथे हित आपले असणार. ‘करावे लागले तरी त्यास पुण्य म्हणू नये’ अशी ही भूमिका आहे. ती पाळणे कठीण असते, कारण जे करावे लागते त्यास पुण्याचे नाव दिल्यावाचून माणसास झोप येत नाही. ज्ञानदेवांनी तेराव्या अध्यायातील अहिंसेच्या विवरणास इतक्या ओव्या दिल्या, आणि प्रारंभीच अहिंसेचे नाव घेऊन चालणाऱ्या हिंसांचा समाचार घेतला, तो उगीच नव्हे.

याच ठिकाणी काही जण गीतेचा आधार उलट बाजूने घेतात. अठराव्या अध्यायातील सतरावा श्लोक ते दाखवितात : ज्याच्या ठायी अहंभाव नाही, ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, तो मारूनही मारीत नाही. श्लोक सत्य आहे. पण तो आपल्याविषयी आहे असे मानण्याची घाई कोणी करू नये. नवी रायफल खांद्याला लावून, एका गोळीत काम होते की दोन लागतात हे पाहणाऱ्या मनुष्याच्या ठायी त्या क्षणी अहंभावावाचून दुसरे काय असते? त्याला लागू पडणारा श्लोक अठराव्या अध्यायात नसून सोळाव्यात आहे, जेथे आसुरी मनुष्य ‘याला मी मारले, दुसऱ्यांनाही मारीन’ असा हिशेब करीत बसलेला दाखविला आहे. तेथे शत्रू माणसे आहेत. पण मोजणारे मन तेच आहे.

हे मोजणे एकदा सुरू झाले की गरजेची मर्यादा राहत नाही. इंग्रज अमदानीत उटकमंडास साहेब लोक घोड्यांवरून, विलायती कुत्र्यांचे थवे घेऊन कोल्ह्याच्या मागे धावत. त्यांच्या देशातील खोकड येथे नव्हता, म्हणून कोल्ह्याला त्याच्या जागी उभे करण्यात आले. कोल्हा उंदीर खातो, मेलेली ढोरे साफ करतो, क्वचित ऊस-टरबूजही खातो. पण त्याच्या अपराधाची चौकशी तेथे झालीच नव्हती. अमेरिकेत कोयोटी नावाचा कोल्ह्याचाच एक भाऊबंद आहे. मेंढपाळांच्या तक्रारी खऱ्या होत्या. त्यांच्या पाठीवर बसून शंभराहून अधिक वर्षे बंदुका, सापळे आणि विष यांनी त्याला मारण्यात आले, आणि शेवटी अधिक कोयोटी मारील त्यास बक्षीस अशा शर्यती लागल्या. कॅलिफोर्नियाने २०१४ साली असल्या बक्षिसांवर बंदी घातली. एवढे मारूनही तो प्राणी पूर्वी जेथे नव्हता तेथे पसरला आहे.

आपल्याकडे २०१६ च्या जून महिन्यात बिहारातील मोकामा भागात सरकारी अनुमतीने बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या. दिल्लीत त्यावरून एकाच मंत्रिमंडळातील दोन मंत्र्यांत वाद झाला. वनमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्यांच्या मागणीवरून दिलेली ती अनुमती व शास्त्रीय व्यवस्था असल्याचे सांगितले. मनेका गांधी यांनी त्यात मारण्याची हाव पाहिली. दोघांचेही शब्द एकाच घटनेविषयी खरे असू शकतात. मागणी शेतकऱ्याची असते, अनुमती सरकारची असते. आणि घोडा ओढणाऱ्या बोटात काय असते, ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते.

वनपर्वातच आणखी एक रात्र आहे. द्वैतवनात झोपलेल्या युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणे येतात. त्यांचे कंठ दाटलेले आहेत. आम्ही आता बीजापुरतीच उरलो आहोत, तुम्ही दुसरीकडे गेलात तर आमचा वंश वाढेल, असे ती विनवितात. पांडवांना त्या वनात अन्नासाठी मृगया करावीच लागत होती. हौस म्हणून ती नव्हती. तरीही धर्मराज त्या हरणांना ‘माझा नाइलाज आहे’ असे सांगत नाही. सकाळी उठून तो भावांना स्वप्न सांगतो, आणि सर्व परिवार काम्यकवनाकडे चालू लागतो. अस्त्रे पाहण्याचा मोह ज्याला झाला होता तोच हा युधिष्ठिर.

काकांना बिऱ्हाड उचलून काम्यकवनात जाता येत नाही. त्यांचे शेत जेथे आहे तेथेच आहे, आणि रोहीही. वेळ आली तर ते अर्ज करतील, परवाना मागतील, आणि त्या दिवशी घरात कोणाला नीट जेवण जाणार नाही. पण ती वेळ अजून यावयाची आहे. म्हणून त्या संध्याकाळी, सदनाच्या दारापर्यंत पुतण्यास पोहोचविताना, ते एवढेच म्हणतील, ‘‘तू ये. बंदूक इथेच राहू दे. रामाचे गुडघे आता चालत नाहीत, रात्री मचाणावर बसायला माणूस नाही. येताना एक चांगली बॅटरी तेवढी घेऊन ये.’’